हाताची मात्रा : कोपर-प्रकल्पाच्या नोंदी

9 जून 2025, सोमवार

आज सकाळी चहाचं पातेलं सांडशीनं उचललं आणि उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी अशी कळ आली की पातेलं परत गॅसवर ठेवावं लागलं. अर्धा लिटर दुधाचा चहा, वजन ते किती! तेव्हा ठरवलं, आता नुसतं सोसायचं नाही. तबल्याच्या वहीसारखी याचीही वही ठेवायची.

आधी मागचं लिहून ठेवते. दुखणं दिवाळीपासूनचं. फेब्रुवारीत एका डॉक्टरांनी कोपरात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत हात असा मोकळा झाला की देवाचे आभार मानले. त्या भरात पाडव्याला चिल्ला धरला. चाळीस दिवस, रोज चार तास तबल्याचा रियाझ. पाच आठवडे काहीच दुखलं नाही, सहाव्यात परत सुरू झालं. तरीही चिल्ला पुरा केला. मेच्या शेवटी अशी गत की भाजीची पिशवी डाव्या हातात.

काम कोणतं, तेही लिहिते. 22 सप्टेंबरला घटस्थापना आहे. नवरात्रात आमच्या भजनी मंडळाला तासभर साथ करायची आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापता आली पाहिजे. आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या तबल्याच्या क्लासात चौदा मुलं आहेत. त्यांच्यातलं एकही माझ्या वाटेनं जाऊ नये, म्हणून क्लासात काय बदलायचं तेही या वहीतच शोधायचं.

12 जून

राजारामपुरीत फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी आहे, पण तिची चाचपण्याची पद्धत आवडली. हात सरळ धरायला लावून मधलं बोट वर उचलायला सांगितलं आणि वरून दाबलं. कळ नेमकी तिथंच. मग पालथ्या हातानं खुर्ची उचलायला सांगितली. उचललीच नाही.

"टेनिस एल्बो," ती म्हणाली. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेनं बांधलेले असतात. आपण ज्याला सरसकट शीर म्हणतो ती ही. दुखतं ते या बांधणीच्या जागी. मी म्हटलं, तबल्यावर थाप तर खाली पडते, वर उचलणाऱ्या स्नायूंचा काय संबंध? ती म्हणाली, "मॅडम, खाली पडण्याआधी प्रत्येक वेळी हात वर कोण नेतं?"

घरी येऊन हिशेब केला. धिरधिरकिटतक, आठ अक्षरं. त्यातली कि आणि क डग्ग्यावर, बाकी सहा उजव्या हाताची. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत चौगुण म्हणजे 320 अक्षरं, त्यातली 240 उजव्याची. चिल्ल्यात मी दीड तास नुसता धिरधिर करत होते. म्हणजे एका बैठकीत 21,600 वेळा हात उचलला, आणि असे चाळीस दिवस! हा आकडा लिहिल्यावर बराच वेळ वहीकडे बघत बसले. इतक्या वर्षांत मात्रा मोजल्या, पण हात किती वेळा उचलला ते कधी मोजलं नव्हतं.

तिनं आणखी एक सांगितलं ते महत्त्वाचं. कंडरेच्या दुखण्याला टेंडोनायटिस म्हणतात, त्या नावामुळे वाटतं की आत सूज आहे, सूज उतरली की झालं. पण जुन्या दुखण्यात ही कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर सुजेच्या पेशी फारशा दिसत नाहीत. धागे विस्कटलेले, पीळ सुटलेल्या सुतळीसारखे दिसतात. गोळीनं कळ कमी होते, धागा जुळत नाही. त्यात कंडरेला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा कमी, म्हणून भरून यायला आठवडे नाही, महिने लागतात. निदान बारा आठवडे धरा म्हणाली. आजपासून मोजले तर सप्टेंबरचा पहिला आठवडा.

इंजेक्शनचंही विचारलं. ब्रिस्बेनमध्ये याच दुखण्याच्या 165 रुग्णांवर झालेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, तो तिनं दाखवला. स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं दुखणं वर्षभरात उलटलं, नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये 12 टक्क्यांचं. सुरुवातीचे काही आठवडे स्टिरॉइड छान वाटतं, हेही खरं. माझे पाच आठवडे तेच होते. मला कुणी हे फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मी चिल्ला धरला नसता. सुई टोचायला दोन मिनिटं लागली, तर हे सांगायला आणखी दोन लागली असती. याचा राग आहे आणि तो लिहून ठेवते.

17 जून

पाच दिवस तबल्याला हात लावला नाही. तिनं पूर्ण बंद करायला सांगितलं नव्हतं, दहा मिनिटं हलकं वाजवा म्हणाली होती. पण आधी पाहायचं होतं की तबला सोडून काय काय दुखवतं. सापडलं ते असं: भाकरीचं पीठ मळणं (थापण्यापेक्षा मळणं जास्त), ॲक्टिव्हाचा ॲक्सिलरेटर पिळून धरणं, ओलं फडकं पिळणं आणि फोन पालथ्या हातात धरून उभं राहणं. म्हणजे तबला बंद ठेवून मी विश्रांती घेतेय असं समजत होते, आणि कोपर दिवसभर कामावरच होतं.

आजपासून पीठ मळायचं काम यांच्याकडे. पहिल्या दिवशी ज्वारीचं पीठ सैल झालं, भाकरी तव्यावर फुटली. चालेल.

व्यायाम सुरू. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, भरली की बरोबर अर्धा किलो. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. बाटली उचलून मनगट सरळ धरायचं आणि हलवायचं नाही. 45 सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. घड्याळ बघायचा कंटाळा, म्हणून लेहरा, म्हणजे तालाच्या मापात फिरत राहणारी धून, लावला. 60 च्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं म्हणजे 48 सेकंद. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, उचलायची, चौथ्या समेवर ठेवायची. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे: करताना चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालच्या सकाळइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. तसं नसेल तर वजन जास्त झालं.

"औषधाची मात्रा असते ना, तशी ही वजनाची मात्रा," ती म्हणाली. घरी परत येताना हा शब्द डोक्यात घोळत राहिला. वैद्याचा आणि आमचा शब्द एकच आहे, हे याआधी कधी लक्षातच आलं नव्हतं.

23 जून

पाऊस लागून राहिलाय. आज दहा मिनिटं वाजवलं आणि एक गोष्ट हाताला लागली. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, ओल धरते, सैल पडते, सूर उतरतो. मग मी दोन गोष्टी करते. हातोडीनं गजऱ्यावर, पुडीभोवतीच्या विणीवर, ठोकून सूर चढवते, आणि 'ना' हा बोल वाजेना म्हणून चाटीवर, पुडीच्या कडेवर, बोट जोरात मारते. हातोडीचा प्रत्येक ठोका मूठ घट्ट आवळून मारलेला, त्याचा हादरा थेट कोपरात. गेली वीस वर्षं पावसाळ्यात माझा हात जड होतो असं मी म्हणत आले. हात नाही, चामडं बिघडत होतं आणि भरपाई हात करत होता.

उपाय: तबला कपाटात, खाली 15 वॅटचा बल्ब, वर जाड खोळ. मुख्य म्हणजे क्लासात सूर लावायचं काम मोठ्या मुलांकडे दिलं. त्यांना शिकायला मिळतं, माझे ठोके वाचतात. आणि मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा, काळी एकचा तबला काढला. वरच्या सुराच्या, पांढरी पाचच्या ताणलेल्या पुडीवर बोट आपटल्यासारखं लागतं, यावर बसतं.

26 जून, शाहू जयंती

क्लासला सुट्टी. दादाकडे गेले. तो तालमीतला, गुडघ्यामुळे कुस्ती सुटली, आता पोरांना शिकवतो. खासबागेचा विषय निघाला. शाहू महाराजांनी 1912 साली ते कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, कोल्हापुरात ही गोष्ट पोराटोरांना पाठ असते. मी त्याला वही दाखवली. त्यानं 21,600 हा आकडा वाचला आणि विचारलं, "हे कितीवरनं चढवत नेलंस?"

मी सांगितलं, चढवत नाही, पहिल्याच दिवसापासून चार तास.

"अगं, नवीन पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी हजार जोर लावतो काय? पन्नास. मग साठ. दुखलं तर परत पन्नास. आणि जोर मारून झाला की मालिश, खुराक, झोप. ती बी मेहनतीतच धरत्यात. तुमच्यात झोप कोण मोजतंय?"

कुणी मोजत नाही. चिल्ल्यात मी रात्री अकराला बसायची आणि तीनला उठायची, सकाळी सहाला डबे. आमच्याकडे जागरणाच्या गोष्टी अभिमानानं सांगतात, झोपेच्या कुणी सांगत नाही. या गावात एका गल्लीत तालीम आणि पुढच्या गल्लीत गाण्याचा क्लास असतो. शेजारच्या आखाड्यातलं एवढं शहाणपण रियाझाच्या खोलीत कसं आलं नाही, याचं मला आज खरंच वाईट वाटलं.

वहीत नवा रकाना: झोप, तास.

3 जुलै

बैठक. आज मुलीला बाजूनं व्हिडिओ काढायला लावला आणि तो हळू करून पाहिला. तबला माझ्या पोटाकडे कललेला, त्याच्याखालची चुंबळ बसून बसून चपटी झालेली. तोंड खाली असल्यामुळे ना वाजवताना मनगट मागे मोडतं आणि कोपर बरगडीला चिकटतं. मनगट मोडलेल्या अवस्थेत बोट उचलायचं म्हणजे त्याच कंडरेवर दुप्पट ओढ.

जाड चुंबळ हवी होती. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "आण इकडं, मी शिवतो." जुनं लुगडं फाडून पट्टे केले, पीळ दिला, त्यावर दुसरा पट्टा आवळून गुंडाळला आणि सुई-दोऱ्यानं टाके घातले. मध्ये एकदा डोक्यावर ठेवून बघितली. लहानपणी पंचगंगेवरून घागरी आणताना हीच चुंबळ. "घागर हलत न्हवती, तर तबला कशाला हलतोय?" दोन्ही हातांत घेऊन त्यांनी ती दाबून दाखवली, एका अंगाला मुद्दाम चार बोटं उंच ठेवली होती. ती उंच बाजू माझ्याकडे ठेवल्यावर तबल्याचं तोंड पुढे कललं आणि मनगट आपोआप सरळ आलं. फिजिओनं जे चित्र काढून समजावलं होतं ते त्यांनी हातानं केलं.

बुडाखाली घोंगडीची चौपदरी घडी. गुडघे कमरेपेक्षा खाली आले, खांदे उतरले. दहा मिनिटं वाजवलं, दुखणं दोन. पहिल्यांदाच.

10 जुलै, गुरुपौर्णिमा

गुरुजींना सांगायचं धाडस आज केलं. वय 78. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या वेळी बोटं फुटली तरी थांबत नव्हतो."

त्यांचं म्हणणं खोटं नाही. बोटाच्या कातडीला घट्टा पडतो, आधी फुटते मग टणक होते, पुढे दुखत नाही. कंडरेचं तसं नाही, ती दुखून टणक होत नाही. आपण दोन्ही दुखण्यांना एकच नाव देतो आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावतो. माझ्या मते निम्मा घोळ इथंच आहे. त्यांच्यापुढे एवढं बोलले नाही. पाया पडून उठताना नुसतं म्हटलं, "गुरुजी, हे बोटांचं नाही, आतलं आहे."

थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "पढंत चालू आहे ना?" म्हणजे बोल तोंडानं म्हणणं. नव्हती. "हात थांबला तर तोंड का थांबवलंस?" मग दिल्ली घराण्याचा एक जुना कायदा, म्हणजे तबल्याची बांधलेली रचना, म्हणायला लावला, माझ्याकडून चार वेळा. दिल्लीचा बाज दोन बोटांचा, चाटीवरचा. त्यात पंजा उचलून आपटायचं काम कमी. तीन महिने धिरधिर विसर, हा कायदा ठायीत, संथ लयीत, वाजव, जागा स्वच्छ कर, एवढं सांगितलं.

आता रोज अर्धा तास पढंत, पंधरा मिनिटं हात.

21 जुलै

चुकले. शनिवारी एका मैत्रिणीच्या घरी बैठक होती. दहा मिनिटं म्हणून बसले, गाणं रंगलं, पन्नास मिनिटं झाली. वाजवताना दुखणं एक-दोन. रविवारी सकाळी सात. आज सहा.

म्हणजे वाजवताना कोपर काही सांगत नाही. ते दुसऱ्या दिवशी सांगतं. गरम अंगावर सगळंच हलकं लागतं.

बाटली परत अर्धा किलोवर. पट्टा कोपराच्या दोन बोटं खाली बांधून बघितला, घरकामात बरं वाटतं. सासूबाई हळदीचा लेप लावून देतात. शेक छान वाटतो, झोप लागते, म्हणून लावते. धागा जुळवायचं काम मात्र बाटलीचंच.

4 ऑगस्ट

क्लासात आज सोळा वर्षांचा एक मुलगा अंगठ्याच्या मुळाशी हात धरून बसला. विचारलं तर म्हणाला, काही नाही ताई. ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, रोज संध्याकाळी अडीच तास ताशा, रात्री फोनवर गेम, आणि मध्ये माझा क्लास. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. ओरडलाच. ही अंगठ्याच्या कंडरांची जागा, त्या जिथून एका अरुंद खोबणीतून मनगटाकडे जातात ती. माझं कोपराचं, त्याचं मनगटाचं, गोष्ट तीच.

त्याच्या आईशी बोलले. पथक सोड म्हटलं तर तो क्लासच सोडेल, हे मला माहीत होतं. म्हणून ताशा एक दिवसाआड आणि तासभर, ताशाच्या दिवशी तबला नाही, फक्त पढंत. आधी फिजिओला दाखवायचं.

सगळ्या मुलांना आज एक गोष्ट परत परत सांगितली: बोटांत मुंग्या येत असतील, रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर ते कंडरेचं नाही, नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं आहे. तिथं वही नाही, थेट डॉक्टर. बोट अडकून टक्‌ करून उघडत असेल तरीही. आणि दुखतंय हे मला सांगितल्याबद्दल कुणाचाही बोल मागे पडणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं, कारण त्यानंतर आणखी दोघींनी हात वर केले.

19 ऑगस्ट

पाऊस. क्लास बंद. ताप होता, औषधात लिव्होफ्लॉक्सासिन निघालं. फिजिओला फोन केला म्हणून बरं झालं. या जातीच्या प्रतिजैविकांनी कंडरेला इजा होऊ शकते, क्वचित ती तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 साली यावर ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांना कोपराचं सांगितलं, त्यांनी लगेच गोळी बदलून दिली. डॉक्टर तापाचा असला तरी कोपर सांगायचं, हे धडा म्हणून नाही, सवय म्हणून लिहिते.

2 सप्टेंबर

बारा आठवडे होत आले. आता नुसतं धरून ठेवणं नाही, हलवणं: चार मात्रांत वर, चार मात्रा थांबणं, आठ मात्रांत खाली. एका उचलण्याला एक आवर्तन. पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. वजन पाऊण किलो. खाली नेताना घाई केली की मनगट थरथरतं, म्हणून नवव्या मात्रेपासूनचं उतरणं हेच खरं काम.

गौरीच्या पुरणाला पीठ यांनीच मळलं. आता भाकरी फुटत नाही.

25 सप्टेंबर

चौथी माळ. काल साथ केली. तासाचे तीन भाग केले होते, मंडळाला आधी सांगून. वीस मिनिटांनंतर एक अभंग नुसता टाळावर. पहिल्यांदा त्यांना पटलं नव्हतं, पण नुसत्या टाळावरचा तो अभंगच लोकांना आवडला. दुगुण एकदाच घेतली. धिरधिर नाही. सुरुवातीआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात आणि मग ठायीत ठेका, थंड हातानं बसले नाही. सूर मुलानं लावून दिला.

आज सकाळी दुखणं एक. पातेलं उचललं. भाकरीचं पीठही मळून बघितलं, दोन.

13 ऑक्टोबर

क्लासात बदललेलं लिहून ठेवते, पुढच्या जूनला नवीन मुलं येतील तेव्हा विसरायला नको. सासूबाईंनी आणखी नऊ चुंबळी शिवल्या, प्रत्येक मुलाच्या बसण्याप्रमाणे उंची वेगळी. पंचवीस मिनिटं वादन, मग पाच मिनिटं हात मोकळे ठेवून पढंत. परीक्षेआधी रियाझ वाढवायचा तर आठवड्याला पाच मिनिटांनी, एकदम दुप्पट नाही. आजारपणानंतर किंवा सुट्टीनंतर परत निम्म्यापासून. वहीत तीन रकाने: मिनिटं, दुखणं, झोप. मुलं पहिल्यांदा झोपेच्या रकान्यात खोटं लिहीत होती, आता खरं लिहितात असं वाटतं.

तो ताशावाला मुलगा विसर्जनाला वाजवून आला, अंगठा ठीक आहे. मिरवणुकीत दर तासाला ताशा दुसऱ्याकडे दिला म्हणाला.

आज धिरधिर घेतला. 40 च्या लयीत दुगुण, दोन मिनिटं, म्हणजे उजव्या हाताची 120 उचलणी. गुरुजींना फोनवर ऐकवलं. दुसऱ्या धिर मध्ये पंजा उशिरा उलटतोय, एवढंच म्हणाले आणि परत म्हणून दाखवला.

उद्या सकाळचे गुण बघून पुढची दोन मिनिटं. बाटली लिटरची काढून ठेवलीय, अजून भरलेली नाही.